कुत्र्याचं फोटो सेशन: कोणती वस्तू घ्यावी, कोणती दुकानातच राहू द्यावी

कुत्र्याला फोटोसाठी तयार करायचं म्हटलं की ठरावीक वस्तू सुचवल्या जातात: स्लिकर ब्रश, केसांना चमक आणणारा स्प्रे, सुगंधी वाइप्स, गळ्यात बांधायचा बो, पिपाणीवालं खेळणं आणि मोबाइलला अडकवायची चेंडूची क्लिप. यातल्या दोन उपयोगाच्या, एक जपून वापरली तर चालणारी, बाकीच्या नसल्या तरी काही अडत नाही. ज्या दोन वस्तूंवर अख्खं सेशन उभं राहतं त्या मात्र या यादीत सहसा नसतातच. एक म्हणजे स्टीलचा कंगवा आणि दुसरी म्हणजे कुत्र्याच्या रोजच्या ओळखीची साधी मॅट.

आधी कंगव्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. स्लिकर ब्रशच्या बारीक, वाकड्या तारा वरचे केस झटपट मोकळे करतात. कुत्रा फुललेला दिसतो, हाताला मऊ लागतो, आणि मालक ब्रश ठेवून देतो. कातडीलगतची जट तिथेच असते. घरातल्या उजेडात ती कळत नाही. स्टुडिओचा दिवा बाजूने पडला की जट असलेल्या जागी केसांचा ओघ तुटतो आणि तिथे सावलीचा खड्डा दिसतो. फोटो सुधारताना डाग काढणं सोपं असतं, केसांचा तुटलेला ओघ परत रंगवणं फार वेळखाऊ. कंगवा साधारण १९ सें.मी. लांब, अर्धा विरळ आणि अर्धा दाट दातांचा घ्यावा. दातांची टोकं गोलसर हवीत. आपल्या मनगटावर फिरवून पाहा. ओरखडा उठला तर तो कंगवा नको. प्लॅस्टिकचा घेऊ नका, कोरड्या हवेत त्याने केसांत स्थिर वीज भरते आणि केस उभे राहतात.

वापरायची रीत अशी: कुत्रा आडवा झोपवायचा, एका हाताने केसांचा पट्टा वर धरायचा आणि खाली भांग पाडल्यासारखी रेघ पाडायची. रेघेत कातडी दिसली पाहिजे. त्या रेघेखालचे केस आधी स्लिकरने, मग कंगव्याच्या विरळ बाजूने, शेवटी दाट बाजूने. मग वरचे थोडे केस खाली सोडायचे आणि पुढची रेघ. पायापासून सुरू करून पाठीकडे जायचं. दाट दात मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेले तरच ती जागा झाली म्हणायची. जटा बसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: कानांच्या मागे, काखांत, जांघांत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. गाठ सापडली की तिच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि कंगव्याच्या टोकाने गाठीच्या बाहेरच्या कडेपासून थोडंथोडं उकलायचं. कात्री घालू नये. जटेखाली कातडी वर ओढली गेलेली असते, आणि केस समजून नेमकी तीच कापली जाते. मोठी जट ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे, मशीननेच काढलेली बरी.

स्लिकरबद्दल एक तक्रार: तारा फार कडक असतात आणि जोर लागला की कातडीवर लाल रेघा उठतात. पातळ केसांच्या आणि गुलाबी कातडीच्या कुत्र्यावर त्या फोटोत स्पष्ट दिसतात. पेन धरतो तसा हलका धरावा, एकाच जागी सारखा फिरवू नये. बीगल, डोबरमन, बॉक्सर अशा आखूड केसांच्या कुत्र्यांना स्लिकर लागतच नाही. रबराचा दातेरी ब्रश आणि त्यावर ओलसर कापड पुरतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. त्यांचा आतला मऊ थर रेकने (लांब, विरळ दातांच्या ब्रशने) काढावा, पण एकाच दिवशी नाही. आठवडाभर आधी सुरू करून दोन-तीन वेळा काढला तर सेशनच्या दिवशी पार्श्वभूमीच्या कागदावर केसांचा सडा पडत नाही. आणि ‘नीटनेटका दिसेल’ म्हणून दुहेरी थराच्या कुत्र्याला मशीन मारून आणू नये. केस परत येताना ठिगळासारखे येऊ शकतात, आणि त्याला महिनोन् महिने लागतात.

हा सगळा कंगव्याचा कार्यक्रम आंघोळीच्या आधी. जट भिजली की आवळते, आणि वाळली की नमद्यासारखी होते.

शाम्पूत कुत्र्याचा शाम्पू एवढंच बघावं, बाटलीवरच्या बाकी वचनांकडे लक्ष देऊ नये. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनच्या जवळ. आपला शाम्पू त्याला कोरडा पडतो आणि दोन दिवसांत कोंडा दिसायला लागतो. काळ्या कुत्र्यावर हा कोंडा कॅमेऱ्यात पिठासारखा उमटतो. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात शाम्पू पाण्यात कालवून घ्यावा. थेट ओतला तर एका जागी साचतो आणि धुतला जात नाही. शाम्पू चोळायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ नुसतं पाणी घालायचं, तेही काखांत आणि पोटाखाली बोटं घालून. राहिलेला शाम्पू म्हणजे चिकट केस आणि खाजवणारा कुत्रा.

आंघोळ कधी घालायची, यावर बरीच चूक होते. बहुतेक जण सेशनच्या सकाळी घालतात. ताजे धुतलेले केस हलके, भुरभुरीत असतात, नीट बसत नाहीत, आणि आखूड केसांच्या कुत्र्याच्या अंगावरचं नैसर्गिक तेल गेल्याने चकाकीही जाते. साधारण दोन दिवस आधीची आंघोळ उत्तम. अपवाद पांढऱ्या, लांब केसांच्या कुत्र्यांचा. माल्टीज किंवा बिशाँ आदल्या दिवशी धुवावा, नाहीतर पंजे आणि हनुवटी पिवळट झालेली असते. वाळवताना ब्लोअरचं तोंड केसांच्या दिशेनेच ठेवावं. पूडल, बिशाँसारख्या फुगीर कुत्र्यांना उलट दिशेने, ब्रशने केस ताणत. नुसतं हवेवर वाळू दिलं की केस वेडेवाकडे वळतात आणि काखा ओल्याच राहतात.

केस कापून घ्यायचे असतील तर पाच ते सात दिवस आधी. मशीनच्या ब्लेडच्या रेघा दोन-तीन दिवस दिसतात, चेहऱ्याची कड पहिल्या दिवशी फार कोरीव आणि अनोळखी वाटते. ग्रूमरला ‘फोटोसाठी’ एवढंच सांगू नका; भुवया, तोंडाभोवतीचे आणि कानांवरचे केस किती लांब ठेवायचे ते आधीचा एखादा आवडता फोटो दाखवून सांगा. मिशांचे जाड केस कापू नयेत हेही सांगावं लागतं. ते कुत्र्याचं स्पर्शाचं इंद्रिय आहे, आणि जवळून काढलेल्या फोटोत चेहऱ्याला जिवंतपणा त्यांच्यामुळेच येतो.

चमक आणणारा स्प्रे: घेऊ नका. त्यात बहुधा सिलिकॉन असतं. डोळ्यांना छान दिसतं, पण फ्लॅशखाली पाठीवर पांढरे चकचकीत ठिपके उठतात. शिवाय तो जमिनीवर पडला की कुत्र्याचे पाय घसरतात, आणि एकदा घसरलेला कुत्रा त्या जागी पुन्हा उभा राहायला तयार होत नाही. केस उभे राहत असतील तर ब्रशवर साध्या पाण्याचा एक फवारा पुरतो.

वाइप्स चालतील, पण बिनवासाचे. त्यांच्यापेक्षा दोन ओलसर सुती रुमाल बरे. एक डोळ्यांसाठी, एक तोंडासाठी, अदलाबदल करायची नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिपडं ही फोटो बिघडवणारी सगळ्यात सामान्य गोष्ट आहे, कारण फोकस डोळ्यांवरच असतो. सुकलेलं चिपड ओढून काढू नये, केसही उपटले जातात आणि डोळा लाल होतो. सलाइनमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवायचा, मग आतल्या कोपऱ्यातून नाकाच्या बाजूने खाली पुसायचं. डोळ्यांखालचे तांबूस डाग अश्रूंतल्या पॉर्फिरिनमुळे पडतात. केसांत मुरलेले असल्यामुळे एका रात्रीत जात नाहीत, आणि त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्यांजवळ नेणं धोक्याचं आहे. ते काम फोटो सुधारणाऱ्यावर सोडा. शिह त्झू किंवा ल्हासाच्या कपाळावरचे केस बांधताना रबर इतकं घट्ट नको की पापण्या वर ओढल्या जातील. अशा फोटोत कुत्रा कायम दचकलेला दिसतो.

नखं तीन-चार दिवस आधी कापावीत, त्याच दिवशी नाही. आतली रक्तवाहिनी कापली गेली तर रक्त थांबवायला पावडर लागते, आणि पांढऱ्या कागदावर एक थेंबही पुरे होतो. पांढऱ्या नखात ही रक्तवाहिनी गुलाबी दिसते. काळ्या नखात अगदी पातळ काप घेत जायचं. कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबायचं. पंजांखालचे वाढलेले केसही गादीच्या पातळीला आणावेत. ते राहिले तर गुळगुळीत पृष्ठभागावर पाय फाकतात.

गळपट्ट्याची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून थोडी सविस्तर. रोजच्या रुंद पट्ट्याने मानेवरच्या केसांत घडी पडते, ती कंगव्याने लगेच जात नाही. घरात सुरक्षित असेल तर आदल्या रात्री पट्टा काढून ठेवावा आणि ती जागा ओलसर हाताने उलटसुलट चोळून विंचरावी. बाहेर नेताना हार्नेस चालतो, पण आखूड केसांवर त्याचेही वळ उमटतात, म्हणून पोहोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं आधी काढावा. फोटोसाठी बारीक, एकरंगी, चार ते सहा मिलिमीटर जाडीची सरकफासाची दोरी घ्यावी, कुत्रा किंवा पार्श्वभूमी यांपैकी एकाच्या रंगाची. ती धरायची कशी हे महत्त्वाचं: मानेवरून सरळ वर किंवा थेट बाजूला. छातीवरून किंवा चेहऱ्यावरून आडवी गेलेली दोरी फोटोतून पुसणं म्हणजे तिच्यामागचे केस नव्याने रचणं. उघड्यावर काढणार असाल तर दोरी सोडायचीच नाही, कितीही शहाणा कुत्रा असो.

आता मॅट. घ्यायची साधी, रबरी पाठीची, कुत्रा तिच्यावर पूर्ण पसरून झोपू शकेल एवढी. मध्यम कुत्र्याला ६० बाय ९० सें.मी. पुरते. खालून घसरणारी नको. महाग गादी तर मुळीच नको, कारण कुत्रा तिच्यात रुततो आणि पाठ वाकडी दिसते. किमान दोन आठवडे आधी सुरू करावं, दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटं. पहिले दोन-तीन दिवस काहीच मागायचं नाही: कुत्रा मॅटवर पाय ठेवेल तेव्हा खाऊ मॅटवरच टाकायचा. हातातून दिला तर तो आपल्याकडे चालत येतो आणि उलटंच शिकतो. मग मॅटवर ‘बस’, मग ‘थांब’. थांबण्याचा वेळ, आपलं अंतर आणि आजूबाजूची गडबड या तीन गोष्टी एकदम वाढवायच्या नाहीत. वेळ दहा सेकंदांवरून तीस करायची असेल तर अंतर एका पावलावरच ठेवावं. अंतर तीन मीटर करायचं असेल तर वेळ परत पाच सेकंदांवर आणावी. कुत्रा उठला तर ओरडू नये. उठला याचा अर्थ आपण पायरी मोठी घेतली.

दुसऱ्या आठवड्यात स्टुडिओ घरात आणायचा. मॅटवर जाड कागद पसरा, कारण पार्श्वभूमीचा कागद पायाखाली कुरकुरतो आणि बरेच कुत्रे त्या आवाजालाच बिचकतात. उघडलेली छत्री जमिनीवर ठेवा, सॉफ्टबॉक्स (स्टुडिओच्या दिव्यावरची कापडी पेटी) साधारण तशीच दिसते. ती कुत्र्यासमोर फटकन उघडू नका, आधीच उघडून ठेवा. समोर जमिनीवर पालथं झोपून काळा कप तोंडासमोर धरा. हा प्रकार हास्यास्पद दिसतो खरा, पण मोठी लेन्स म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने रोखून पाहणारा एकच मोठा डोळा, आणि तो जमिनीच्या पातळीवर सरकत येतो. मग वरून खाऊ पडतो हे त्याला आधीच माहीत असलं तर काम झालं. फ्लॅशसाठी मोबाइलचा फ्लॅश छताकडे करून तीन मीटरवरून, एकेक करून. बऱ्याच कुत्र्यांना उजेडापेक्षा स्टुडिओच्या फ्लॅशचा ‘टप’ आवाज आणि चार्ज झाल्याची ‘बीप’ खटकते. बीप बंद करता येते. फोटोग्राफरला तसं सांगा.

सेशनला हीच मॅट न्यायची. ती धुऊन नेऊ नका, तिला घरचा वास असू द्या. फोटोत नको असेल तर कापडाखाली घालता येते.

पिपाणीवालं खेळणं जपून वापरायची वस्तू. नव्या आवाजाला कुत्रा कान उभारतो, कधी मान तिरकी करतो, पण तीन-चार वेळांतच त्याला तो आवाज जुना होतो. म्हणून ते घरी वाजवायचंच नाही. खेळण्यातून काढलेली नुसती पिपाणी तळहातात लपवून वाजवली तर जास्त टिकते, कारण आवाज कुठून येतो ते कळत नाही आणि कुत्रा झेप घेत नाही. हळू आवाजापासून सुरुवात करायची: जिभेचा टाळ्याला ‘टॉक’, मग कागदाची चुरचुर, मग पिपाणी. आवाज आणि क्लिक यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं, तेव्हा फोटोग्राफर तयार आहे का हे पाहूनच वाजवा. आणि कुत्र्याचं नाव सारखं पुकारू नका. नाव ऐकून काही मिळत नाही असं दहा वेळा झालं की अकराव्यांदा तो बघत नाही. बोलणारा एकच माणूस असावा, तोही लेन्सच्या अगदी जवळ. कुत्रा जिथे बघतो तिथून आवाज यायला हवा.

चेंडूची क्लिप मोबाइलवर सरावाला ठीक. खऱ्या कॅमेऱ्याला ती बसत नाही. शिवाय चेंडू लेन्सच्या वर असल्याने नजर किंचित वर जाते आणि बुबुळांखालचा पांढरा भाग दिसतो. चेंडूवेड्या कुत्र्यासाठी तर नकोच, तो थेट कॅमेऱ्यावर येतो.

खाऊ मऊ हवा, वाटाण्याएवढा, एका घासात गिळता येईल असा. बिनमीठ-मसाल्याच्या उकडलेल्या चिकनचे तुकडे उत्तम. बिस्किटाचा चुरा मिशांत अडकतो, जमिनीवर सांडतो, आणि कुत्रा पुढची दोन मिनिटं मान खाली घालून हुंगत बसतो. दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आतच सगळा खाऊ बसवायचा. शेंगदाण्याचं बटर वापरणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नाही ना ते डब्यावर वाचून घ्या. ते कुत्र्यांना विषारी आहे. सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ यांना खाऊ दाखवला की लाळेच्या तारा लोंबतात, त्यांचे फोटो आधी खेळण्यावर काढावेत आणि खाऊ शेवटी.

कपडे, बो, टोपी यांबद्दल एवढंच: आठवडाभर रोज पाच मिनिटं घालून शेपटी आणि कान पाहा. नसेल रुचत तर नको.

शांत करणाऱ्या फेरोमोनच्या कॉलर किंवा स्प्रे यांचा परिणाम कुत्र्यागणिक बदलतो. आधी घरी करून पाहिल्याशिवाय त्याच दिवशी पहिल्यांदा वापरू नका. गुंगीचं औषध मात्र फोटोसाठी देऊ नये. एसिप्रोमॅझीनसारख्या औषधाने डोळे अर्धवट मिटतात आणि आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी वर येते. एवढा घाबरणारा कुत्रा असेल तर त्याचं सेशन त्याच्या ओळखीच्या अंगणात घ्यावं.

त्या दिवशी जेवण नेहमीच्या निम्मं, तीन-चार तास आधी. उपाशी ठेवलेला कुत्रा खाऊसाठी उतावीळ होतो, भरपेट खाल्लेला झोपतो. तासभर आधी वीस-तीस मिनिटांचा निवांत फेरफटका. दमवायचं नाही: दमलेल्याची जीभ बाहेर लोंबते, ओठ मागे ताणले जातात, आणि पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची धाप उतरायला बराच वेळ लागतो. त्यांच्यासाठी थंड खोली आणि गरम न होणारे दिवे आधीच मागून घ्यावेत.

शेवटी फोटोग्राफरची सेवा. दर आणि फोटोंची संख्या यांच्याआधी चार प्रश्न विचारावेत: जमीन घसरडी आहे का, दोन कुत्र्यांच्या सेशनच्या मध्ये फरशी पुसली जाते का, दोरी किती फोटोंतून पुसून मिळेल, आणि कुत्रा त्या दिवशी रमला नाही तर दुसरी तारीख मिळते का. कुत्रा काळा असेल तर तसं सांगा. प्रकाशाच्या स्वयंचलित मोजणीत कॅमेरा काळ्याला राखाडी करू पाहतो, म्हणून प्रकाश कमी-जास्त करून ठेवावा लागतो आणि बाजूचा एक जादा दिवा लावावा लागतो. उघड्यावरच्या सेशनला खेळणं निळं किंवा पिवळं न्या. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हिरवळीवरचा लाल चेंडू तो डोळ्यांपेक्षा नाकानेच शोधतो. माज आलेल्या कुत्रीची तारीख पुढे ढकला, तिथे आधी किंवा नंतर येणाऱ्या नरांचं सेशन होणार नाही.

जागेवर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा खालीच ठेवायला सांगा. कुत्र्याला खोली हुंगू द्या, मॅट पसरा, दोन-तीन तुकडे तिच्यावर टाका. मग दहा-दहा मिनिटांचे तुकडे, मध्ये पाणी आणि बाहेर एक चक्कर. पाणी प्यायल्यावर हनुवटी पुसायची. समोर खाऊ नसताना ओठ चाटणं, जांभया, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, कोरडा असूनही अंग झाडणं ही ताणाची खूण. एक दिसली तर थांबा, दोन-तीन एकदम दिसल्या तर मॅट गुंडाळा. चांगला फोटोग्राफर हे तुमच्याआधी ओळखतो, आणि ‘आणखी पाचच मिनिटं’ म्हणत नाही.